साथ आली तर ग्रामपंचायत-नगरपालिकेने पहिल्या आठवड्यात काय करावं? (कोविडवरून धडे)

लालफीत

कोविडबद्दल दवाखाने, लस, ऑक्सिजन यांवर पुष्कळ लिहून झालंय. या धाग्यात फक्त स्थानिक संस्थांचं बोलू. पाणी सोडणारा, घंटागाडीवरचा, शिपाई, आशाताई, अंगणवाडीताई यांना त्या वेळी संस्थेने कसं सांभाळलं, कुठे उघड्यावर सोडलं आणि त्यांच्यामार्फत गावाला काय पोचलं. जाणकारांनी आकडे आणि पद्धती लिहाव्यात. 'आमच्याकडे असं झालं' छापाचे किस्से दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात माझ्याकडून, आणि ती कागदाने. मास्क, हातमोजे लागतातच, पण त्याच्याही आधी कर्मचाऱ्याच्या हातात कामाचा लेखी आदेश हवा. २०२० मध्ये दोन मोठी संरक्षणं होती. एक केंद्राचं, प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमधलं ५० लाखांचं विमाकवच, ३० मार्च २०२० पासून. ते आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी, आशासकट. दुसरं राज्याच्या वित्त विभागाचं, २९ मे २०२० च्या शासन निर्णयाचं ५० लाखांचं सानुग्रह सहाय्य. त्यात सर्वेक्षण, शोध, प्रतिबंध, मदतकार्य अशा कामांवरचे इतर कर्मचारी आले, कंत्राटी आणि मानधनावरचेही.

दोन्हीकडे घरच्यांना एकच प्रश्न विचारला जातो: माणूस कोविडच्या कामावर होता याचा पुरावा काय? राज्याच्या निर्णयात तर दवाखान्यात दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत तो कामावर हजर असल्याची अट होती. म्हणजे आदेश आणि हजेरीपट असे दोन्ही कागद लागतात.

आदेशात काय असावं ते सांगतो. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. पदनाम आणि नेमणुकीचा प्रकार. नेमकं काम, म्हणजे 'कोविड-१९ अंतर्गत घरोघर सर्वेक्षण, प्रभाग २' किंवा 'विलगीकरण कक्षाची सफाई'. कधीपासून कधीपर्यंत. सही, शिक्का, जावक क्रमांक. दर महिन्याला नवा आदेश काढावा, म्हणजे मधे खंड दिसत नाही.

चुकतं कुठे? 'सर्व कर्मचाऱ्यांनी हजर राहावे' असा बिननावाचा आदेश. व्हॉट्सअॅपवर दिलेली तोंडी ड्यूटी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस आजारी पडल्यावर मागची तारीख टाकून काढलेला आदेश. जावक रजिस्टरमध्ये तो बरोबर उघडा पडतो, आणि मग खरं प्रकरणही संशयात जातं.

सदाफुली

आशांच्या बाबतीत एक गोम आहे. आशा ग्रामपंचायतीची कर्मचारी नाही, तिला मोबदला आरोग्य विभागाकडून. त्यामुळे विम्यासाठी तिचा दाखला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा. पण तिला नाक्यावर, रेशन वाटपाला, बाहेरून आलेल्यांच्या याद्या करायला बसवणारी ग्रामपंचायत किंवा तहसील. त्या कामाचा आदेश आरोग्य केंद्राच्या दप्तरात नसतोच. म्हणून त्या आदेशाची एक प्रत आरोग्य केंद्राला, एक आशाला, एक दप्तराला. तीन प्रतींचा खर्च सहा रुपये.

दाव्याची कागदपत्रंही लिहून ठेवते: दावा अर्ज, मयताचं आणि वारसाचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा, पॉझिटिव्ह अहवाल, दवाखान्याचा मृत्यू सारांश, मृत्यू दाखला, कामावर असल्याचं प्रमाणपत्र. कोविडने मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल लागत नव्हता. तो आणि एफआयआर लागत होते कामावरच्या अपघाती मृत्यूला. अनेक ठिकाणी विनाकारण मागितले गेले. २०२१ च्या मध्याला प्रमाणपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं आणि विमा कंपनीने ४८ तासांत निकाल द्यावा असं ठरलं, तेव्हा कुठे फाइली हलल्या.

मोबदल्याचं मात्र बोलायलाच नको. केंद्राचा कोविड भत्ता महिना १,००० रुपये. जून २०२१ मध्ये संप करावा लागला तेव्हा राज्याने १,००० ची वाढ आणि ५०० कोविड भत्ता मान्य केला. टाळ्या-थाळ्या आधीच वाजवून झाल्या होत्या.

हिशेबनीस

ठेकेदाराच्या माणसांचं कुणीच काही लिहिलं नाही. शहरांत घंटागाडी, नालेसफाई, रुग्णवाहिका हे सगळं ठेक्यावरच चालतं. त्यांच्यासाठी वरच्या ५० लाखांखेरीज दोन गोष्टी हक्काच्या होत्या, आणि फार थोड्या घरांना त्या कुणी सांगितल्या.

पहिली ईडीएलआय. भविष्यनिर्वाह निधीचं खातं असेल तर विमा आपोआप असतो, वेगळा हप्ता कामगार भरत नाही. २०२१ मध्ये त्याची कमाल रक्कम ७ लाख झाली, आणि सलग १२ महिने नोकरी असेल तर किमान अडीच लाख. मृत्यू कोविडनेच झालेला असावा अशी अटही नाही.

दुसरी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) कोविड मदत योजना, २४ मार्च २०२० पासून दोन वर्षं. कामगाराच्या सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम वारसांना पेन्शनसारखी दरमहा, किमान १,८०० रुपये. अट अशी की आजाराचं निदान होण्याच्या किमान तीन महिने आधी पोर्टलवर नाव नोंदलेलं हवं आणि आधीच्या वर्षात किमान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं हवं.

इथेच माती खाल्ली जाते. ठेकेदार दर सहा महिन्यांनी बदलतो, नवा आला की जुना यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक) सोडून नवा काढतो, नोकरीचे सलग १२ महिने तुटतात. काही ठेकेदार अंशदान कापतात पण भरत नाहीत. नगरपालिका मूळ मालक आहे, तिने दर महिन्याचं बिल पास करताना मागच्या महिन्याचं अंशदान भरल्याचं चलन आणि त्याला जोडलेली नावनिशीवार यादी बघायची. नुसतं चलन बघून चालत नाही. त्यात एकूण रक्कम असते, कुणाच्या नावावर किती गेली ते नसतं. साथ नसतानाही हे करायचंच असतं, साथीत न केल्याची किंमत एकदम कळते.

नांगरट

ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या पगाराचा पेचही लिहा की. किमान वेतनातला शासनाचा हिस्सा करवसुलीच्या टक्केवारीशी बांधलेला. टाळेबंदीत बाजार बंद, मजुरी बंद, घरपट्टी कोण भरणार? वसुली पडली की शिपायाचा पगार अडकला, आणि त्याच शिपायाला सकाळी सहाला दवंडी द्यायला, जंतुनाशक मारायला बोलावणार. वसुलीची अट अशा वर्षात स्थगित ठेवणं हाच उपाय, पण तो गावाच्या हातात नाही. गावाच्या हातात एवढंच: ग्रामनिधीतला पहिला खर्च पगाराचा, पाणीपुरवठ्याच्या विजेचा दुसरा, बाकी सगळं नंतर.

मुंबई महापालिकेने कामावर येणाऱ्यांना दिवसाला ३०० रुपये भत्ता दिला होता. तेवढं जमणार नाही ग्रामपंचायतीला, पण गाडीचं पेट्रोल आणि एक वेळचं जेवण जमतं.

टाकीवाला

फवारणीचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात जास्त पैसा आणि मेहनत यातच वाया गेली असं माझं स्पष्ट मत आहे.

एक टक्का हायपोक्लोराइट हे प्रमाण सगळ्यांना पाठ झालं, ते करायचं कसं ते कमी जणांना. बाजारातलं द्रव हायपो १० टक्क्यांचं असेल तर १ भाग त्याचा, ९ भाग पाणी. ५ टक्क्यांचं असेल तर १ ला ४. डब्यावर टक्का लिहिलेला नसेल तर घेऊ नये. गावात मात्र द्रव मिळत नाही, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मिळते. ताज्या टीसीएलमध्ये ३० ते ३३ टक्के क्लोरीन असतो. हिशेब: १० लिटर पाण्याला साधारण ३३० ग्रॅम. पोतं उघडं राहिलं, पावसाळी हवा लागली की क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांवर आलेली पावडर असेल तर त्याच १० लिटरला ५०० ग्रॅम लागेल. आणि २० च्या खाली गेलेली टीसीएल वापरण्याच्या लायकीची नसते.

कृती: प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात पावडरीची लापशी करा, गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घाला. अर्धा तास निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी फडक्यातून गाळून घ्या, खालचा चुना टाकून द्या. न गाळता पंपात ओतलं की नोझल दहा मिनिटांत बसतं, आणि मग माणूस ते तोंडाने फुंकतो. फुंकू नये! लोखंडी, पत्र्याची, पितळी भांडी वापरू नका. रोजचं रोज करा, उन्हात ठेवू नका. पृष्ठभागावर दहा मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, लगेच पुसलं तर उपयोग नाही. कीटकनाशकाचा पंप तसाच वापरू नका. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर तर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस घुसमटतो.

आता मुद्द्याचं. रस्ते, भिंती, झाडं, मंदिराचा कळस यांवर फवारून काही साधत नाही. धूळ-मातीत क्लोरीन लगेच संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये उघड्यावरच्या फवारणीविरुद्ध सांगितलं. त्याच्याही आधी, १८ एप्रिल २०२० ला, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारू नका असं पत्र काढलं. तरी बसस्टँडवर सॅनिटायझर बोगदे उभे राहिले, उद्घाटनं झाली.

आणि हिशेब बघा. पाठीवरचा पंप १६ लिटरचा. एक टक्क्याला त्यात साधारण ५३० ग्रॅम टीसीएल गेली. पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर एक लाख लिटरच्या टाकीला लागते ५०० ग्रॅम. म्हणजे एक पंप रस्त्यावर मारला की एका दिवसाच्या गावाच्या पाण्याची टीसीएल गेली. मे महिन्यात टीसीएलची गाडी आली नाही तर कोविडआधी गॅस्ट्रोच येईल. फवारणी करा, पण जिथे हात लागतात तिथे: सार्वजनिक संडासाची कडी, हापशाचा दांडा, दवाखान्याचं रेलिंग, रेशन दुकानाचा कट्टा. तेही फडक्याने पुसून. आणि टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन बघायची) रोज, शेवटच्या नळाला, ०.२ पीपीएम तरी दिसला पाहिजे.

नांगरट

+१. मंदिराच्या कळसाचं वाचून हसू आलं, पण खरं आहे.

गल्लीबोळ

टाकीवाला, गावाला तुमचं बरोबर, दाट वस्तीत मात्र सार्वजनिक संडास हाच खरा प्रश्न. धारावीचंच घ्या. अडीच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर जागा, साडेआठ लाखांच्या वर माणसं, आणि बहुतेकांची भिस्त साडेचारशेच्या आसपास सामुदायिक शौचालयांवर. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. तिथे 'घरात राहा' सांगून काय होणार, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं. म्हणून महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने रुग्णाची वाट बघणं सोडलं. ताप तपासणीची शिबिरं वस्तीतच, खासगी डॉक्टरांना पीपीई देऊन बरोबर घेतलं, शाळा, सभागृहं, क्रीडा संकुल विलगीकरणाला घेतली आणि संडास दिवसातून अनेक वेळा धुतले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी नाव घेतलं ते या कामाचं.

यातली सगळीकडे जमण्यासारखी गोष्ट म्हणजे संडासाचं नियोजन. धुणाऱ्या माणसाला वेळापत्रक द्या: गर्दीच्या आधी एकदा, सकाळची गर्दी ओसरल्यावर एकदा, दुपारी, संध्याकाळच्या गर्दीनंतर. त्याला जाड रबरी हातमोजे, गमबूट, मास्क, चष्मा. धुऊन झाल्यावर दहा मिनिटं दार बंद. दाराबाहेर पाण्याचा नळ आणि दोरीने बांधलेला साबण. साबण बांधला नाही तर तासाभरात जातो, त्यात लोकांना दोष देऊ नका. संडासाला जाणाऱ्यांची रांग आणि पाण्याची रांग एकाच बोळात येऊ देऊ नका.

दुसरं, वॉर्ड वॉर रूम. मुंबईत मे-जून २०२० पर्यंत खाटेसाठी सगळे एकाच हेल्पलाइनवर. मग २४ विभागांत २४ वॉर रूम केल्या. प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे, तिथून विभागवार वाटणी, आणि विभागाचा डॉक्टर रुग्णाच्या घरी फोन करून ठरवणार की घरी ठेवायचं की हलवायचं. अहवाल थेट रुग्णाच्या मोबाइलवर गेला की घाबरून तो पहिल्या मोठ्या दवाखान्यात खाट अडवतो, लक्षणं नसली तरी. ती साखळी इथे तुटली. तालुक्याला हे लहान आकारात जमतं. दोन फोन, एक डॉक्टर, तालुक्यातल्या सगळ्या खाटांचा फळा, दर चार तासांनी पुसून नव्याने लिहायचा. फळ्यावर वेळ लिहिली नसेल तर तो आकडा खोटाच समजावा.

लालफीत

गल्लीबोळ, फळ्यावरची वेळ लाखमोलाची सूचना. पैशांबद्दल कुणीतरी लिहा. दुसऱ्या लाटेत ग्रामपंचायतींना विलगीकरण कक्ष काढा म्हणून सांगितलं, पण खर्चाचं काय?

हिशेबनीस

मे २०२१ च्या सुमारास राज्याने १५ व्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठराविक कामाशी न बांधलेल्या) निधीतला २५ टक्क्यांपर्यंत भाग कोविडवर, मुख्यत्वे गावात ३० खाटांचा विलगीकरण कक्ष करायला, वापरायची मुभा दिली. कागदावर छान. प्रत्यक्षात तीन ठिकाणी अडतं.

एक, हे पैसे धनादेशाने निघत नाहीत. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी पोर्टलांवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. दोघांपैकी एक पॉझिटिव्ह होऊन दवाखान्यात गेला, सहीचा डोंगल त्याच्या घरच्या कपाटात, की सगळं ठप्प. डोंगल आणि पासवर्ड दुसऱ्याकडे सोपवणं हा उपाय नाही, ती सरळ अफरातफरीची वाट. उपाय म्हणजे उपसरपंचाला आणि पर्यायी ग्रामसेवकाला अधिकार देण्याचा ठराव-पत्रव्यवहार आधीच करून ठेवणं, आणि किराणा, औषध दुकान, मंडपवाला यांच्याशी पंधरा दिवसांची उधारी लेखी ठरवणं.

दोन, खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नसेल तर पोर्टल बिलच घेत नाही. आराखडा सुधारायला ग्रामसभा हवी, तेव्हा ग्रामसभेवर बंदी. मासिक सभेचा ठराव, त्यावर पंचायत समितीची मान्यता, मग पोर्टलवर नवी कृती, असा क्रम. 'साथरोग आपत्कालीन' अशी एक कृती दरवर्षी लहान रकमेने आराखड्यात टाकून ठेवली तर नंतर नुसती रक्कम वाढवावी लागते.

तीन, २०२० मध्ये मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक होते. १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, त्या झाल्या १५ जानेवारी २०२१ ला. एकेका विस्तार अधिकाऱ्याकडे कितीतरी गावं. त्या काळात सहीला माणूस मिळणं हीच मोठी खरेदी.

ग्रामनिधीतली राखीव टक्केवारी मात्र विसरू नका: दिव्यांगांसाठी ५, महिला-बालकल्याण १०, मागासवर्गीय १५ टक्के. घरपोच किराणा, औषधं, सॅनिटरी पॅड यांना हे पैसे नियमात बसवून वापरता येतात. लाभार्थी यादी, सही किंवा अंगठा, वाटपाचा फोटो आणि तीन दरपत्रकं. लेखापरीक्षण तीन वर्षांनी येतं आणि तेव्हा 'साथ होती हो' हे उत्तर चालत नाही.

सिस्टर

विलगीकरण कक्ष म्हणजे शाळेत गाद्या टाकणं असा समज आहे, म्हणून थोडं.

वीस बाय वीसच्या वर्गात सहाच्या वर खाटा नकोत. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा खिडकीच्या दिशेने हवा ढकलेल असा. बायकांची खोली आणि संडास वेगळे, आणि त्या संडासाला आतून कडी आहे का ते आधी बघा, जिल्हा परिषद शाळेत बहुतेकदा नसते. रात्रीचा दिवा हवा. एवढ्या दोन गोष्टी नसल्या तर बायका येत नाहीत, घरीच लपून राहतात आणि घर आजारी पाडतात.

ऑक्सिमीटर दोन तरी, जोडीला पेन्सिल सेलचा राखीव साठा. बोट थंड असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा खोटा येतो, हात चोळून गरम करा, अर्धा मिनिट थांबून स्थिर झालेला आकडा लिहा. सकाळ-संध्याकाळ नोंद. बसलेला आकडा चांगला असला तरी सहा मिनिटं चालवून परत बघा. ९४ च्या खाली गेला किंवा तीनाहून जास्त उतरला तर त्याच रात्री हलवायचं, सकाळची वाट बघायची नाही. वयस्कर आणि आधीच दम लागणाऱ्यांना चालवू नका.

तापाच्या बंदुकीचं: उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, दहा मिनिटं सावलीत बसवून मग मोजा. सेल उतरला की बंदूक सगळ्यांनाच 'नॉर्मल' ठरवते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत, सप्टेंबर २०२० मध्ये, एका पथकाने दिवसाला ५० घरं करायची होती. पन्नासाव्या घराला बंदुकीचा आणि आशाचा, दोघींचा सेल उतरलेला असायचा.

रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर लिहा, सोबत एका खासगी गाडीवाल्याशी रात्रीचा दर ठरवून ठेवा. गाडीत चालक आणि रुग्णामध्ये प्लास्टिकचा पडदा, काचा खाली, एसी बंद.

सदाफुली

कर्मचाऱ्यांच्या मास्कचा हिशेब जोडते. फिरतीच्या कामाला तीनपदरी मास्क, पाळीला दोन, कारण घामाने ओला झाला की बदलायचा. दहा माणसं, तीस दिवस, सहाशे मास्क. एन-९५ फक्त स्वॅब घेणारे, रुग्णवाहिका, कक्षाची सफाई यांना. झडपवाला एन-९५ नको, आतली हवा गाळल्याशिवाय बाहेर सोडतो. बचत गटांनी शिवलेले कापडी मास्क गावकऱ्यांना ठीक, कक्षातल्या कामाला नाही.

कचऱ्याचंही: रुग्णाच्या घरचे मास्क, स्वॅब, रक्त-थुंकी लागलेलं पिवळ्या दुपदरी पिशवीत, वेगळ्या गाडीने. रुग्ण नसलेल्या घरचे मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मग सुक्या कचऱ्यात. कापायचे अशासाठी की धुऊन पुन्हा विकले जातात. रुग्णाच्या घरचं खरकटं मात्र पिवळ्या पिशवीत घालू नका, सगळंच पिवळं झालं की जाळणाऱ्या केंद्राची क्षमता संपते.

तिखटमीठ

जेवणाचं मी घेते. शिवभोजन थाळी आयती व्यवस्था होती: ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांना सुरू झाली, टाळेबंदीत पाच रुपये, एप्रिल २०२१ मध्ये मोफत. राबणाऱ्या माणसाला तेवढ्यात भागत नाही हे उघड आहे.

स्वतः अन्नछत्र चालवायचं तर खिचडीला शंभर माणसांना ७ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, दीड लिटर तेल. मजुरांसाठी तांदूळ-डाळ मिळून १३ किलोपर्यंत न्या. शिजल्यापासून वाटपापर्यंत चार तासांच्या वर जाऊ देऊ नका, बंद डब्यात गरम खिचडी उन्हाळ्यात लवकर आंबते. रांगेपेक्षा वस्तीवर गाडी बरी. लहान मुलांसाठी दूध वेगळं, ते नेहमी राहून जातं.

रेशनची खरी फट होती कार्ड नसलेल्यांची. प्राधान्य आणि अंत्योदय कार्डाला माणशी ५ किलो मोफत. केशरी कार्डाला मे-जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी, २ किलो तांदूळ १२ रुपयांनी. बिनकार्डाच्या स्थलांतरितांना आत्मनिर्भर योजनेत माणशी ५ किलो आणि कुटुंबाला किलोभर चणे, दोन महिने. पण वीटभट्टी, ऊसतोड, पाल टाकून राहणारे यांची यादी कोण करणार? ग्रामपंचायतीने पहिल्या तीन दिवसांत करायचं काम हेच: कार्ड आहे, कार्ड दुसरीकडचं आहे, कार्डच नाही, अशा तीन याद्या.

अवांतर: केरळात प्रत्येक पंचायतीत सामुदायिक स्वयंपाकघर निघालं, कुटुंबश्रीच्या बायकांनी चालवलं, जेवण २० रुपयांना आणि घरपोच २५ ला, गरजूंना फुकट. ते आठवड्यात उभं राहिलं कारण बचत गटांचं जाळं आणि पंचायतीचा पैसा आधीपासून होता. आपल्याकडे उमेद अभियानाचे बचत गट आहेत, फक्त त्यांना मास्क शिवण्यापलीकडे कुणी विचारलं नाही.

नांगरट

आपल्याकडेही गावं होती हो. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी पथकं करून घरोघर तपासणी आणि लगेच विलगीकरण केलं. सोलापुरात घाटणे, अंत्रोळी. मुख्यमंत्र्यांनी मे २०२१ च्या भाषणात नावं घेतली आणि मग कोरोनामुक्त गाव स्पर्धा निघाली, महसूल विभागवार ५०, २५ आणि १५ लाखांची बक्षिसं.

लालफीत

स्पर्धेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 'मुक्त' शब्दाला बक्षीस लावलं की रुग्ण सांगण्यापेक्षा लपवण्याकडे कल जातो. निकषांत तपासण्या किती केल्या याला वजन असेल तर ठीक. हिवरे बाजारचं यश शोधण्यात होतं.

वारसनोंद

मृत्यूनंतरच्या कामाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. साथ ओसरल्यावर स्थानिक संस्थेचं अर्धं काम तेच होतं.

कोविड मृत्यूला ५०,००० रुपये सानुग्रह, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर. पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू धरायचा, मृत्यू दाखल्यावर कोविड लिहिलं नाही म्हणून अर्ज नाकारायचा नाही. तरी नाकारले गेले, मग तक्रार निवारण समितीकडे. अडायचं ते बारक्यात: आधारवर 'सुनिता', बँकेत 'सुनीता'. सासर-माहेरचं आडनाव. वारसांपैकी एकाची संमती नाही.

एकल झालेल्या बायकांसाठी २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने मिशन वात्सल्य, तालुका समिती तहसीलदारांकडे. गाव पातळीवर ग्रामसेवक, तलाठी, अंगणवाडीताई, आशा यांनी घरी जायचं. जाताना हे बघा: रेशन कार्डावर तिचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून लागलं का, सातबाऱ्याला आणि घराच्या नमुना आठला वारस नोंद झाली का, नवऱ्याच्या नावावर बचत गट किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे का आणि त्याला विमा होता का. बहुतेक कर्जांना हप्त्यातच विमा कापलेला असतो, वसुलीवाला सांगत नाही.

योजना: दारिद्र्यरेषेखालच्या घराला राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २०,०००. बालसंगोपनाचे तेव्हा मुलामागे महिना १,१००, नंतर २,२५०. आईवडील दोघे गेले असतील तर मुलाच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव. संजय गांधी निराधारला मात्र वार्षिक उत्पन्न २१,००० ची मर्यादा, म्हणजे महिना १,७५०. एवढ्या उत्पन्नाचा दाखला द्यायला तलाठी कचरतो, त्याला दोष तरी काय देणार.

आणि घरी जाल तेव्हा दिराला किंवा सासऱ्याला नको, तिला विचारा. तिला बाहेर यायची मुभा नसेल तर अंगणवाडीताईला आत पाठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तोही याच काळातून आलेला.

टाकीवाला

वारसनोंद, एक शंका. २०२०-२१ चे ड्यूटी आदेश आता दप्तरात शोधायचे तर? ग्रामसेवक बदलला, फाइल सापडत नाही, दावा अजून अडकलेला.

वारसनोंद

तीन ठिकाणी बघा. जावक रजिस्टर: क्रमांक आणि विषय मिळाला तरी दुसरी प्रत ज्याला पाठवली त्या कार्यालयाच्या आवक रजिस्टरवरून निघते. पंचायत समितीला दर आठवड्याला जायचे ते कोविड अहवाल, त्यात पथकांची नावं असतात. आणि लसीकरण: फेब्रुवारी २०२१ मध्ये आघाडीच्या कर्मचाऱ्यांची यादी संस्थेनेच पाठवली होती. त्या यादीत नाव असेल तर संस्थेने त्याला आघाडीवरचा मानलं होतं हे तिच्याच सहीने सिद्ध होतं. माहिती अधिकारात यादीतलं संबंधित पान मागा, अख्खी यादी मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात.

लालफीत

लसीच्या यादीचं डोक्यातच आलं नव्हतं. मूळ लेखात जोडतो आहे. कुणाकडे आदेशाचा चांगला नमुना असेल तर नावं खोडून इथे चिकटवा, जावक क्रमांकाची जागा रिकामी ठेवून.